छतावरचं सोलर डीपीला जोडताना : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

छतावर पॅनेल बसवणं दोन-तीन दिवसांत उरकतं. ती वीज इन्व्हर्टरमधून (पॅनेलच्या डीसीची एसी करणाऱ्या यंत्रातून) गल्लीतल्या डीपीपर्यंत, म्हणजे रोहित्रापर्यंत (ट्रान्सफॉर्मर), नीट पोचवणं हे वेगळं काम आहे आणि बहुतेक तक्रारी तिथूनच निघतात. "ऐन उन्हात इन्व्हर्टर बंद पडतो", "शेजाऱ्याचं चालतं, आमचंच ट्रिप होतं", "पंधरा युनिट व्हायला हवेत, आठच होतात". वेंडर पॅनेल धुवायला सांगतो, पॅनेल धुतले जातात, तक्रार तशीच राहते. कारण दोष तारेत असतो.

महावितरणच्या लघुदाब (लो टेन्शन) लाइनवर ३ ते १० किलोवॅटचा नेट मीटरिंगचा (घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल येतं असा) प्लँट जोडू पाहणारे घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी आणि नुकतेच या धंद्यात आलेले वेंडर यांच्यासाठी हे लिहिलं आहे. मुंबईत टाटा, अदानी किंवा बेस्टचे ग्राहक असाल तर अर्जाची वाट थोडी वेगळी, पण तारेतलं गणित तेच.

आधी बिल

वीजबिल समोर ठेवा आणि त्यातून चार गोष्टी काढा : १२ अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, सिंगल फेज की थ्री फेज, आणि मागच्या १२ महिन्यांचे युनिट. एकाच महिन्याचं बिल पाहून क्षमता ठरवू नका. मे महिन्याचं बिल एसीमुळे फुगलेलं असतं.

महाराष्ट्रात १ किलोवॅट प्लँट वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा निम्म्यावर येतो, कोकण-घाटमाथ्यावर त्याहूनही खाली, आणि मार्च-एप्रिलमध्ये भरून निघतो. महिन्याला ३०० युनिट जळत असतील तर ३ किलोवॅट पुरे. "जास्तीची वीज विकू" म्हणून ५ किलोवॅट लावण्यात फायदा नाही. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं, पण आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतात त्यांना मिळणारा दर तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा बराच कमी असतो.

बिलावरचं नावही आत्ताच पाहा. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि बँक खातं नातवाचं, अशी जोडी असेल तर अनुदान अडकतं. नावबदल आधी करा, नंतर अर्ज.

छतावर १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा. सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा शेजारचं नारळाचं झाड सावली टाकतं का, ते प्रत्यक्ष उभं राहून बघा. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात, हे जूनमध्ये मापं घेणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

मग डीपी

तुमची सर्व्हिस वायर (खांबापासून घरापर्यंतची तार) कोणत्या खांबावरून येते आणि तो खांब कोणत्या डीपीचा, हे लाइनमनला विचारा. रोहित्राच्या पाटीवर क्षमता लिहिलेली असते : गावात बहुधा २५, ६३ किंवा १०० केव्हीए, शहरात २००, ३१५, ६३०. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ७० टक्क्यांपर्यंत छतावरची सौर क्षमता जोडता येते. ६३ केव्हीएच्या डीपीला हे झालं सुमारे ४४ (केव्हीए ढोबळमानाने किलोवॅटच धरा), म्हणजे ३ किलोवॅटची चौदा घरं.

केंद्राच्या २०२४ च्या ग्राहक हक्क सुधारणा नियमांमुळे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही, अर्ज मंजूर मानला जातो आणि मंजूर भार वाढवायचा असल्यास तोही वितरण कंपनीच वाढवते. सोय चांगली आहे. पण या सोयीमुळेच लाइन कोणीच पाहत नाही. म्हणून ती तुम्ही पाहायची.

व्होल्टेज का चढतं

वीज जास्त व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे जाते. रात्री डीपीकडून घराकडे येताना तारेत व्होल्टेज पडत येतं आणि शेवटच्या घरात दिवा मंद होतो. दुपारी घरात वापर नसतो, तीच तार उलट्या दिशेने वीज नेते. आता इन्व्हर्टरला डीपीपेक्षा वर चढल्याशिवाय वीज ढकलता येत नाही. तार जितकी बारीक आणि लांब, तितकं जास्त चढावं लागतं.

किती चढतं ते काढायला सोपं सूत्र आहे : करंट × तारेचा दर किलोमीटर रोध (रेझिस्टन्स) × अंतर किलोमीटरमध्ये. सिंगल फेजमध्ये वीज फेजमधून जाऊन न्यूट्रलमधून परत येते, म्हणून उत्तराची दुप्पट करा.

३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर उन्हात १३ अँपिअर देतो. सर्व्हिस वायर ४ चौ. मि.मी. ॲल्युमिनियमची आणि ३० मीटर लांब असेल, तर रोध ७.४१ ओहम प्रति कि.मी. धरून चढ येतो ५.८ व्होल्ट. तीच वायर १० चौ. मि.मी.ची केली की रोध ३.०८ आणि चढ २.४ व्होल्ट. एवढ्या लहान फरकाने काय होतं, असं वाटेल. पुढे बघा.

वितरण रोहित्राच्या पाटीवर लघुदाब बाजूला ४३३ व्होल्ट लिहिलेलं असतं. एका फेजचं व्होल्टेज काढायला त्याला १.७३२ ने भागा : २५०. म्हणजे ११ केव्ही बाजूला (रोहित्रात येणाऱ्या उच्चदाबाला) पूर्ण व्होल्टेज असेल आणि लोड नसेल तर डीपीपाशीच फेजला २५० व्होल्ट मिळतं. संध्याकाळच्या लोडने पडणारं व्होल्टेज धरून ही तजवीज फार पूर्वीच केलेली आहे, तेव्हा छतावरून वीज उलटी येईल हे कोणाच्या मनातही नव्हतं. दुसरीकडे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की, म्हणजे २३० च्या हिशेबाने २५३ व्होल्टला, इन्व्हर्टरने २ सेकंदांत सुटायचं असतं. मधे उरतात ते मोजके व्होल्ट. त्यातले सहा तुमच्याच सर्व्हिस वायरने खाल्ले, तर ट्रिप होणारच.

आता शेजाऱ्यांसकट गणित करू. डीपीपासून ३०० मीटरवर तीन घरं, प्रत्येकी ३ किलोवॅट, तिन्ही एकाच फेजवर. खांबावर वीझल (लघुदाब लाइनची एक प्रमाणित ॲल्युमिनियम तार), रोध ०.९१. करंट ३९ अँपिअर, चढ : ३९ × ०.९१ × ०.३ × २ = २१ व्होल्ट. हीच तीन घरं तीन वेगवेगळ्या फेजवर टाकली तर प्रत्येक फेजमध्ये १३ अँपिअर, न्यूट्रलमध्ये जवळपास शून्य, आणि चढ फक्त ३.५ व्होल्ट. एक पैचं सामान न बदलता सहापट फरक! लघुदाब लाइनवर सौर प्लँट जोडताना यापेक्षा स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही, आणि सगळ्यात कमी केला जाणाराही हाच.

म्हणून पॅनेलची ऑर्डर देण्याआधी एका रविवारी दुपारी १२ ते २ दरम्यान मीटरपाशी मल्टिमीटर लावा. २४० च्या आत असेल तर निर्धास्त पुढे जा. २४५ च्या वर असेल तर आधी शाखा कार्यालयात लेखी कळवा. लघुदाबावर मर्यादा अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट आहे. त्याबाहेरचा आकडा ही वितरण कंपनीची जबाबदारी असते. सिंगल फेज जोडणी असेल तर डीपीवर टाँग टेस्टर (तार न तोडता करंट मोजणारं उपकरण) लावून कोणत्या फेजवर दुपारी लोड जास्त आणि सोलर कमी आहे ते लाइनमनकडून पाहून घ्या आणि तुमची सर्व्हिस त्या फेजवर घेण्याची विनंती करा. खांबावर चढून फेज बदलण्याचं काम महावितरणच्या माणसाचंच. वेंडरच्या पोराला खांबावर चढवू नका.

५ किलोवॅट किंवा वर जात असाल तर थ्री फेज जोडणी आणि थ्री फेज इन्व्हर्टर घ्या. थ्री फेज इन्व्हर्टरला स्ट्रिंगचं (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनेलच्या साखळीचं) व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे डेटाशीटमधली एमपीपीटी रेंज (इन्व्हर्टर ज्या डीसी व्होल्टेजमध्ये नीट चालतो तो पट्टा) पाहूनच पॅनेलची संख्या ठरवा.

सामान

३ किलोवॅटला ५४० वॉटचे सहा पॅनेल लागतात. एकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) ५० च्या आसपास, सहा सिरीजमध्ये सुमारे ३०० व्होल्ट डीसी. थंडीत हे वाढतं : दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. निफाडला पहाटे पारा ५ अंशांवर येतो तेव्हा २५ अंशांच्या पाटीवरच्या आकड्यात ५ टक्के मिळवा आणि ते इन्व्हर्टरच्या कमाल डीसी व्होल्टेजच्या आत बसतं का पाहा. अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर, असावे लागतात. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि पॅनेलच्या पाठीवरच्या नंबरशी ताडून पाहा.

डीसी केबल ४ चौ. मि.मी. तांब्याची, सोलरसाठीची, उन्हात न तडकणारी. एमसी४ कनेक्टरची (पॅनेलच्या डीसी तारा जोडणाऱ्या) नर-मादी जोडी एकाच कंपनीची हवी. दोन कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, "टक्" असा आवाजही येतो, पण आतला स्पर्श सैल राहतो, तापतो आणि एक दिवस वितळतो. क्रिंपिंग पक्कडीने नको, त्याच्या खास टूलने करा.

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची एसी केबल हा वेंडरचा पैसे वाचवण्याचा आवडता मुक्काम. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून तळमजल्यावरच्या मीटरपर्यंत २५ मीटर सहज होतात. ४ चौ. मि.मी. तांब्याच्या केबलमध्ये १३ अँपिअरला ३ व्होल्ट चढतं, ६ चौ. मि.मी.मध्ये २. इन्व्हर्टर व्होल्टेज स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो, मीटरवर नाही, म्हणून हा चढ थेट त्याच्या मर्यादेतून वजा होतो. ६ चौ. मि.मी.चाच आग्रह धरा.

डीसीडीबीत (डीसी बाजूच्या पेटीत) फ्यूज किंवा डीसी एमसीबी आणि टाइप २ एसपीडी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण). एसीडीबीत (एसी बाजूच्या पेटीत) एमसीबी आणि एसी एसपीडी. डीसीच्या जागी साधा एसी एमसीबी वापरलेला दिसला तर काम थांबवा. डीसीचा आर्क (स्विच उघडताना पेटणारी ठिणगी) त्यात विझत नाही. आरसीसीबी (गळती करंटवर तुटणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा लावला तर ट्रान्सफॉर्मरविरहित इन्व्हर्टरच्या गळती करंटने तो कारण नसताना उडतो. इन्व्हर्टर कंपनीने मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार आणि रेटिंगच घ्या.

अर्थिंग तीन आणि स्वतंत्र : पॅनेल-स्ट्रक्चरचं, इन्व्हर्टरच्या एसी बाजूचं, आणि तडितरोधकाचं. रोध ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करा. देशावरच्या काळ्या खडकात आणि कोकणातल्या जांभ्यात एका इलेक्ट्रोडने तो येत नाही. दोन इलेक्ट्रोड तीन मीटर अंतरावर घालून जोडावे लागतात. पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवा असतो, एप्रिलमध्ये पुन्हा मोजा.

स्ट्रक्चरबाबत कोकण वेगळा प्रदेश समजा. खाऱ्या हवेत रंग मारलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत सुटतं. ८० मायक्रॉन गरम जस्तलेप आणि ३१६ ग्रेडचे नट-बोल्ट घ्या. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरं कशी उडाली हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. पॅनेल म्हणजे शीडच आहे, त्यामुळे पाया स्लॅबला नीट पकडलेला हवा, नुसता सिमेंटचा ठोकळा ठेवलेला नको. विदर्भात प्रश्न उन्हाचा. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर लावला तर दुपारी तो स्वतःच क्षमता कमी करतो. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीला, वारा खेळेल अशा जागी लावा.

अर्ज ते मीटर

घरगुती ग्राहकांसाठी पीएम सूर्यघर योजनेचं राष्ट्रीय पोर्टल आहे. योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅट आणि वर कितीही असलं तरी ७८,०००. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,०००.

क्रम असा : ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, अर्ज, मंजुरी, यादीतल्या वेंडरची निवड, बसवणी, पोर्टलवर सामानाचा तपशील आणि फोटो, नेट मीटरचा अर्ज व करार, तपासणी, मीटर, चालू झाल्याचा दाखला, शेवटी बँक तपशील. मंजुरीआधी काम सुरू करू नका. नेट मीटर बसण्याआधी प्लँट चालू करून ठेवणं तर अजिबात नको. बऱ्याच मीटरना वीज कोणत्या दिशेला जाते याची पर्वा नसते, बाहेर गेलेले युनिटही ते आत आलेले म्हणून मोजतात आणि बिल वाढून येतं.

५ किलोवॅटपर्यंतच्या प्लँटसाठी लाइन किंवा रोहित्र सक्षम करावं लागलं तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा, असंही २०२४ च्या नियमांत आहे. अर्जात याचा उल्लेख करा.

चालू करताना

डीसी बाजूची पोलॅरिटी आणि स्ट्रिंगचं व्होल्टेज मोजा. मग एसी द्या. इन्व्हर्टर लगेच वीज देणार नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर राहिल्यावरच तो जोडला जातो. घाई करून बटणं दाबू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. भर उन्हात घराचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर त्याच क्षणी बंद व्हायला हवा. टर्मिनलवर मोजून शून्य व्होल्टेजची खात्री करा. डीपीचा फ्यूज काढून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव या एका गुणावर अवलंबून असतो. त्यासाठीच मीटरजवळ कुलूप लावता येईल असा आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) आणि "येथे सौर प्रकल्प आहे" अशी पाटी हवी. लाइनमननेही केवळ इन्व्हर्टरवर विसंबू नये. फ्यूज काढल्यावर लाइन तपासून, डिस्चार्ज रॉड लावून, तारा शॉर्ट करून अर्थ केल्याशिवाय हात लावू नये.

लोडशेडिंगमध्ये साधा ऑन-ग्रिड प्लँट बंद राहतो, हे घरच्यांना आधीच सांगा. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. घरात बॅटरीचा जुना इन्व्हर्टर असेल, तर सोलरची जोडणी त्याच्या आधी, मेनच्या बाजूला करा. त्याच्या आउटपुटला सोलर जोडलं की वीज उलटी घुसून तो जळतो.

बंद पडू लागला तर

स्क्रीनवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज दिसत असेल तर तीन ठिकाणी एकाच वेळी मोजा : इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर, मीटरवर, आणि लाइनमनच्या मदतीने डीपीवर. इन्व्हर्टर आणि मीटर यांत ३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर केबल बारीक आहे किंवा स्क्रू सैल, खर्च तुमचा. मीटर आणि डीपी यांत मोठा फरक असेल तर सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड किंवा फेजचा असमतोल. डीपीवरच २४८ असेल तर रोहित्राचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज थोडं कमी-जास्त करण्याची पायरी). टॅप वीज बंद करूनच बदलतात, आणि लहान रोहित्रांना तो अनेकदा नसतोच. टॅप एक पायरी खाली घेतल्यावर संध्याकाळी शेवटच्या घराला २१६ च्या वर मिळतं का, तेही बघायला हवं. नाहीतर तुमचं सोलर चालेल आणि टोकाच्या घरची मोटर जळेल.

वेंडर एक पळवाट सुचवतो : सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेजची मर्यादा २७० करायची. करू देऊ नका. ट्रिप थांबतं खरं, पण मग शेजारच्या आठ घरांतले टीव्ही आणि एलईडी दिवे ते व्होल्टेज सोसतात.

व्होल्टेज एकदम २८०-३०० दिसलं आणि दुसऱ्या फेजवर १७० असेल तर न्यूट्रल तुटला आहे. मेन पाडा आणि फोन करा. पावसाळी सकाळी "आयएसओ फॉल्ट" (इन्सुलेशनचा दोष) येऊन ऊन पडल्यावर जात असेल तर कुठेतरी कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. पॅनेलखाली लोंबणारे एमसी४ आधी तपासा, ते स्ट्रक्चरला वर बांधलेले असावेत.

सोसायटी आणि कारखाने

सोसायटीत डिझेल जनरेटर असेल तर चेंजओव्हर असा हवा, की जनरेटर चालू असताना सोलर त्याच्या बसवर (जनरेटरच्या जोडणीवर) येताच कामा नये. इन्व्हर्टरला जनरेटरची वीज ग्रिडसारखीच वाटते, तो जोडला जातो, आणि लिफ्ट थांबल्या क्षणी जास्तीची वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते.

छोट्या कारखानदारांना पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या एकूण विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) धक्का बसतो. लोड १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर ३३ केव्हीएआर (मोटरसारख्या यंत्रांना लागणारी, पण काम न करणारी वीज) लागतात. सोलरने ८० किलोवॅट दिले की ग्रिडकडून फक्त २० किलोवॅट, पण केव्हीएआर तेच ३३. मीटरवर पॉवर फॅक्टर दिसतो ०.५२. मशीन बिघडलेलं नसतं. उच्चदाब ग्राहकांना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (केव्हीएआर धरून मोजलेल्या युनिटवर) बिल येतं, त्यामुळे वाचलेल्या पैशांतला काही भाग इथे परत जातो. इन्व्हर्टरला केव्हीएआर द्यायला लावा किंवा एपीएफसी पॅनेलचा (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या कपॅसिटर पेटीचा) सीटी (करंट मोजणारी कॉइल) सोलरच्या जोडबिंदूच्या ग्रिडकडच्या बाजूला आणा.

पहिलं बिल

मीटर बसल्या दिवशी नेट मीटरचं इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि सोलर मीटरचं रीडिंग, तिन्हींचे फोटो काढून ठेवा. पहिल्या बिलात एक्स्पोर्टचा रकाना रिकामा येण्याचे प्रकार होतात, कारण मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये उशिरा चढते. तेव्हा फोटो आणि मीटर बदलाच्या अहवालाची प्रत घेऊन उपविभाग कार्यालयात अर्ज द्या. पुढच्या बिलात दुरुस्ती आली का ते पाहा, आणि आली नाही तर पोच घेतलेल्या अर्जाच्या तारखेसह वितरण कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा.